बिनमिठाचे आठ दिवस

“चौदा,” भोईर म्हणाला.

वर्क्स मॅनेजर पाटणकर साहेबांना मीटिंगमध्ये पेन्सिलींना टोक काढायची सवय होती. एका मीटिंगला तीन-चार पेन्सिली सहज संपायच्या. लिहायचे मात्र ते बॉलपेननेच. ‘चौदा’ हा शब्द ऐकला आणि त्यांचा हात थांबला. सोललेल्या लाकडाचं वेटोळं पेन्सिलीला तसंच लोंबत राहिलं.

“चौदा काय?”

“दिवस, साहेब. या वर्षीचं शटडाऊन चौदा दिवसांत होईल.”

मी हसलो. मोठ्याने नाही, शेजारच्याला ऐकू जाईल इतपत. शेजारी कोणी नव्हतं.

ही सत्त्याऐंशी सालची गोष्ट. रोह्याला कुंडलिकेच्या काठी आमचा रसायनांचा कारखाना होता. कारखान्याचं नाव सांगत नाही, कारण आता तो नाही आणि जे आहेत त्यांना उगाच वाटेल की त्यांच्याबद्दल बोलतोय. वर्षातून एकदा, दिवाळी झाली की, सगळा कारखाना थंड करून आतली दुरुस्ती करायची. यालाच शटडाऊन म्हणायचं. कोणतं काम कधी सुरू करायचं, कोणी करायचं, कशाच्या आधी काय, हे सगळं आधी कागदावर मांडणारा माणूस म्हणजे मी. रघुवीर टिपणीस, प्लॅनिंग. सहा फुटी कागदावर सात रंगांच्या पेन्सिलींनी मी तक्ता काढायचो. एक चौकोन म्हणजे एक दिवस. बॉयलरला लाल, कूलिंग टॉवरला निळा, विजेच्या कामाला पिवळा. मुंबईहून आलेले पाहुणे त्या तक्त्यापुढे उभे राहून फोटो काढून घेत. अकरा वर्षं माझं शटडाऊन एकवीस दिवसांत संपत होतं. बाविसावा दिवस कधी लागला नाही, आणि विसाव्या दिवशी कधी संपलं नाही.

आता हेड ऑफिसचं पत्र आलं होतं. कारखाना बंद असलेला एकेक दिवस फार महाग पडतो, तरी दिवस कमी करा. ज्याच्या योजनेने दिवस कमी होतील त्याला प्लॅनिंग सुपरिंटेंडंट करा. नवी जागा. वेगळी केबिन, डोक्यावर पंखा, टेबलावर फोन. त्या केबिनमध्ये कपाट कुठे ठेवायचं हे मी मनात ठरवूनही टाकलं होतं.

आणि हा हिराजी भोईर. रेवदंड्याकडचा. आयटीआय करून फिटर म्हणून लागलेला, वर्षभरापूर्वी माझ्याच हाताखाली प्लॅनिंगला आलेला. वेल्डिंग रॉडचा खोका फाडून, उलटा करून, त्या पुठ्ठ्यावर त्याने काळ्या खडूने रेघा मारून आणल्या होत्या. पुठ्ठ्याच्या एका कोपऱ्यावर ‘कोरड्या जागी ठेवा’ असं छापलेलं होतं.

“टिपणीस, तू किती म्हणतोस?” पाटणकर साहेबांनी विचारलं.

“मी अजून सगळ्यांशी बोललो नाही, साहेब. मी आकडा हवेतून काढत नाही.”

“हवेतून नाही, साहेब,” भोईर शांतपणे म्हणाला. “मी सगळ्यांना विचारलं. जे सांगितलं ते मांडलं.”

हे ऐकून मात्र मला मनापासून हसू आलं. जे सांगितलं ते मांडलं! आमच्या धंद्यात याला योजना नाही, श्रुतलेखन म्हणतात.

“आठ दिवसांनी दोन्ही योजना घेऊन या,” असं म्हणून साहेबांनी ते लोंबणारं वेटोळं फुंकून टाकलं. ते माझ्या शर्टावर पडलं.

इथे मिठाबद्दल सांगायला हवं.

आमच्याकडे कोणत्याही फोरमनला विचारलं की काम किती दिवसांचं, तर तो खरा आकडा कधी सांगत नसे. काम चार दिवसांचं असलं तर सहा सांगायचा. वरच्या दोन दिवसांना कारखान्यात ‘मीठ’ म्हणत. फोरमन मीठ घालणार, प्लॅनिंगवाला ते काढणार, ही जुनी रीत होती. त्यात फसवणूक कोणालाच वाटत नसे. मीठ न घालणारा फोरमन म्हणजे आपल्या माणसांची काळजी नसलेला फोरमन.

माझी सगळी विद्या या मिठात होती. एका निळ्या वहीत मी अकरा वर्षांचं मीठ टिपून ठेवलं होतं. कूलिंग टॉवरचे गुंजाळ : दुप्पट. इन्स्ट्रुमेंटचा रेगे : दीडपट, सोमवारी विचारल्यास पावणेदोन. बॉयलरचे सत्तारभाई धनसे : दहा सांगतात, आठात करतात. सत्तारभाईंचं मीठ अकरा वर्षांत एका दिवसानेही बदललं नव्हतं. त्यावरून घड्याळ लावून घ्यावं असं ते मीठ होतं. सगळ्यांचं मीठ काढून झालं की वर मी स्वतःचं घालायचो, चांगले सात दिवस. म्हणून एकवीस. म्हणून बाविसावा दिवस कधी नाही.

आता तुम्ही म्हणाल, भोईरने तेवढेच दिवस वाचवले, मग राग कशाचा? राग नव्हताच. त्याला दुसरं नाव होतं, पण ते नाव घ्यायला मला बरीच वर्षं लागली.

त्या दिवशी घरी गेलो तर सुक्या कोळंबीच्या वासावरूनच कळलं. सोड्यांची खिचडी. आम्हा सीकेपींच्या घरात सोडे म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

“भोईर भावजी आले होते दुपारी,” आमची शालिनी म्हणाली. “त्यांच्या मंडळींनी पाठवलेत. किती माया करतात हो ती माणसं!”

“दुपारी? ड्युटीच्या वेळेत?”

“पहिल्या पाळीत होते म्हणाले. अडीचला सुटले. तुम्ही साडेपाचला सुटता, अर्ध्या तासात येतो म्हणता आणि आठला येता. जेवायला वाढू की अजून अर्धा तास आहे?”

मी मुकाट्याने पाटावर बसलो. खिचडी अप्रतिम झाली होती. जळफळत असताना माणसाला भूक लागत नाही असं म्हणणाऱ्याने सोडे खाल्लेले नसतात. मी दोनदा वाढून घेतली.

“चौदा म्हणतोय तो,” मी म्हणालो.

“कशाचे?”

“काही नाही. भात वाढ.”

दुसऱ्या दिवसापासून मी वही घेऊन फिरायला लागलो. आणि मला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. जिथे जावं तिथे भोईर आधी बसून गेलेला. गुंजाळांच्या शेडमध्ये त्याचा चहाचा पेला. रेगेच्या टेबलावर त्याचा तंबाखूचा डबा, विसरलेला. रेगे म्हणाला, “राहू दे, येईल न्यायला.” माझं पेन एकदा त्या टेबलावर राहिलं होतं, ते मला सुरक्षा विभागातून पावतीवर सही करून सोडवावं लागलं होतं.

बॉयलर हाउसला गेलो तेव्हा सत्तारभाई धनसे बाकावर बसून चष्मा पुसत होते. रोह्याच्या मोहल्ल्यातले, पंचावन्नच्या आसपास, कारखान्यात तेवीस वर्षं. बॉयलरशी ते बोलतात असं पोरं म्हणायची. खरं होतं. माझ्याशी बोलत त्यापेक्षा जास्त बोलायचे.

“या, टिपणीस साहेब. वही आणलीत?”

“आणली. बोला, सत्तारभाई, या वर्षी किती?”

त्यांनी चष्मा लावला, माझ्याकडे पाहिलं. नेहमी ते बॉयलरकडे बघत आकडा सांगायचे. त्या दिवशी माझ्याकडे बघत म्हणाले, “आठ.”

“आठ?”

“आठ. दोन दिवस नुसता थंड व्हायला लागतो, त्यात कोणाचा बाप आला तरी घाई चालत नाही. पाच दिवस नळ्या बदलायला. आठव्या दिवशी सरकारी इन्स्पेक्टर येईल, पाण्याचा दाब लावून बघेल, सही करील. आठ.”

मी वहीत लिहिलं. आठ. आणि घरी जाईपर्यंत माझं डोकं चालू लागलं. अकरा वर्षं दहा म्हणणारा माणूस यंदा आठ म्हणतो. याचा अर्थ काय? सरळ अर्थ कोणत्याही शाळकरी मुलाला लागला असता. पण मी शाळकरी मुलगा नव्हतो, मी तज्ज्ञ होतो. मी असा हिशोब मांडला : म्हणजे यांनी नळ्या बदलायची काहीतरी नवी युक्ती काढलीय. खरं काम सहाचं झालंय, आणि वर नेहमीचं दोन दिवसांचं मीठ. भोईर भोळा. त्याने आठ ऐकले, आठ मांडले. मी मीठ ओळखतो.

सगळ्यांच्या आकड्यांचं असंच होतं. सगळेच या वेळी कमी सांगत होते, आणि मी त्यातूनही मीठ काढत होतो. स्वतःचे सात दिवसही काढले. शेवटी सहा दिवस बॉयलरचे, पुढचे सहा कारखाना परत उभा करायला. बारा.

चौदापेक्षा बारा कमी. या एका वाक्यावर मी तीन रात्री शांत झोपलो.

मीटिंगला मी तक्ता गुंडाळी करून नेला आणि साहेबांच्या टेबलावर उलगडला. सात रंग, वाचलेल्या दिवसांची मोकळी जागा, खाली शाईने सही. भोईरचा पुठ्ठा त्या तक्त्याखाली झाकला गेला. मी मुद्दाम झाकला नाही. पण काढलाही नाही.

“बारा!” पाटणकर साहेब म्हणाले. पेन्सिल खाली ठेवली. “शाबास, टिपणीस.”

भोईर पुढे वाकून लाल पट्टी बघत होता. “साहेब, बॉयलर सहात नाही यायचा. आठच्या खाली नाही.”

“तुला अनुभव किती वर्षांचा?”

“प्लॅनिंगमध्ये एक.”

“आणि टिपणीसला?”

भोईरने हळूच तक्ता उचलला, खालून आपला पुठ्ठा काढून घेतला, आणि तक्ता पुन्हा नीट सरळ करून ठेवला. त्या सरळ करण्याचाही मला राग आला.

तक्ता कँटीनच्या भिंतीवर लागला. ही माझीच पद्धत : सगळ्यांनी चहा पिता पिता आपापले चौकोन बघावेत. दुपारी सत्तारभाई तिथे उभे होते. बोट लाल पट्टीवर. एकेका चौकोनावर बोट ठेवत ते मोजत होते. सहाला थांबले. पुन्हा पहिल्यापासून मोजले.

मी जवळ गेलो. “काय सत्तारभाई, जमेल ना?”

“सहा?”

मी डोळा मिचकावला. “तुमचं मीठ ओळखतो मी.”

“साहेब,” ते हळू आवाजात म्हणाले, “या वेळी घातलं नव्हतं.”

मी मनापासून हसलो. त्यांच्या खांद्यावर थाप मारली. “हे तर दर वर्षी सांगता!”

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग चहाचा पेला उचलून बॉयलर हाउसकडे गेले. अर्धा चहा होता त्यात, सांडू नये म्हणून जपून चालत होते. हे मला का आठवतं, माहीत नाही.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या तारखेला कारखाना बंद झाला. गुंजाळांच्या माणसांनी पाळीवर पाळी करून टॉवर उरकला. रेगेने चार दिवस डबा टेबलावरच खाल्ला. ओढूनताणून सगळं माझ्या चौकोनात बसत होतं. मी रोज सकाळी झालेले चौकोन भरत होतो आणि माझ्या नव्या केबिनला निळे पडदे बरे की हिरवे, याचा विचार करत होतो.

बॉयलर मात्र कुणाचं ऐकत नव्हता. दोन दिवस तो नुसता थंड होत राहिला, सांगितल्याप्रमाणे. मग सत्तारभाईंची माणसं आत शिरली. तीन दिवसांत नळ्यांपैकी निम्म्याच्या वर थोड्या झाल्या. मी चौथ्या, पाचव्या दिवशी खेपा घालत होतो.

“होईल ना, सत्तारभाई? उद्या इन्स्पेक्टर येतायत.”

“आठव्या दिवशी होईल.”

“अहो, उद्या सहावा आहे!”

“हो. उद्या सहावा आहे.”

सहाव्या दिवशी सकाळी दहाला इन्स्पेक्टर आले. मुंबईहून, खास. मीच महिनाभर आधी पत्र लिहून तारीख घेतली होती, माझ्या तक्त्याप्रमाणे. गृहस्थ अगदी सभ्य होते. बॉयलरच्या पोटात डोकावून बघितलं. आतून दोघेजण नळी ठोकत होते. त्यांनीही बाहेर डोकावून बघितलं.

“चाचणी कशाची करू?” इन्स्पेक्टरांनी विचारलं.

मी म्हणालो, “संध्याकाळपर्यंत…”

“यातल्या पन्नासेक नळ्या अजून बाहेर पडल्यात. तयार झाल्यावर बोलवा.” त्यांनी डायरी काढली. “माझ्याकडे आता पुढची मोकळी तारीख सोळा.”

सोळा तारीख म्हणजे शटडाऊनचा पंधरावा दिवस.

आठव्या दिवशी दुपारी सत्तारभाईंनी बॉयलरची झाकणं परत बसवली, हात धुतले आणि बाकावर बसले. तयार होता. सही सोडून सगळं तयार होतं. त्यानंतर सात दिवस तो बॉयलर तसाच उभा होता. मी रोज बघायला जायचो. काही बघण्यासारखं नव्हतं, म्हणून जायचो.

पंधराव्या दिवशी सही झाली. पुढचे सहा दिवस कारखाना उभा करण्यात गेले. एकूण एकवीस. बाविसावा दिवस याही वर्षी लागला नाही.

मग चौकशी. पाटणकर साहेबांच्या केबिनमध्ये मी, भोईर आणि सत्तारभाई. साहेबांच्या पुढ्यात सात पेन्सिली आणि लाकडाच्या सालींचा एक लहानसा डोंगर.

“हेड ऑफिसला मी बारा कळवले होते,” साहेब म्हणाले. “बॉयलरने घोळ केला. सत्तार, मला एकच सांग. टिपणीस विचारायला आला तेव्हा तू किती दिवस सांगितले होतेस?”

खोलीत पंखा फिरत होता. माझी निळी वही माझ्या मांडीवर होती आणि त्यात, माझ्याच अक्षरात, लिहिलं होतं : धनसे, आठ. मी वहीवर हात ठेवला. एक शब्द बोलायचा होता. तोही दोन अक्षरी. भोईर माझ्याकडे बघत होता. रागाने नाही, वाट बघितल्यासारखा.

सत्तारभाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

“सहा,” ते म्हणाले.

“सहा?”

“सहा सांगितले होते, साहेब. जमलं नाही. चूक झाली.”

भोईर ताडकन उठला. सत्तारभाईंनी त्याच्या दंडाला धरून त्याला खाली बसवलं, एखादी झडप बंद करावी तसं, सावकाश.

बाहेर पडल्यावर मी त्यांना पंपहाउसजवळ गाठलं. “सत्तारभाई! असं का सांगितलंत? तुम्ही आठ सांगितले होते.”

“ते तुम्हाला आठवतंय तर.”

“मग?”

ते थांबले. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला. “साहेब, तेवीस वर्षांत प्लॅनिंगवाल्याला मी पहिल्यांदा खरा आकडा सांगितला. तो तुम्हाला चालला नाही. म्हटलं, तुम्हाला चालतो तो सांगावा.”

मी म्हणालो, “भोईरला तर खरा सांगितला होतात. आधीच.”

“त्याला सांगितला. त्याला सगळेच सांगतात. तो विचारताना वही काढत नाही.” त्यांनी चष्मा लावला. “तुम्हाला सांगायला त्यानेच लावला. सगळ्यांना सांगत फिरला तो : टिपणीस साहेब विचारायला येतील, त्यांना पण बिनमिठाचाच आकडा द्या. दोघांचे आकडे जुळले की पाटणकर साहेबांना पटेल. नाहीतर माझ्या पुठ्ठ्याला कोण विचारतो, पण टिपणीस साहेबांचा तक्ता असला की हेड ऑफिस मानतं. असं म्हणाला.”

“असं म्हणाला?”

“गुंजाळ नको म्हणत होते. भोईरने त्यांना चहा पाजला.”

तो चहाचा पेला मी पाहिला होता.

रात्रभर विचार करून, म्हणजे साधारण सव्वा तास, मी ठरवलं आणि सकाळी पाटणकर साहेबांकडे गेलो. दार लावून घेतलं.

“साहेब, सत्तारभाईंनी आठ सांगितले होते. सहा मी केले. ही माझी वही.”

साहेबांनी वही उघडली नाही. उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि माझे दोन्ही खांदे धरले. त्यांचे डोळे ओले झाले होते.

“टिपणीस, तू मोठ्या मनाचा माणूस आहेस.”

“नाही साहेब, खरंच…”

“हाताखालच्या माणसाची चूक स्वतःवर घेतोस! सत्तारला मेमो काढणार होतो. हा बघ, टाइप करून ठेवलाय.” त्यांनी तो फाडला. “तुझ्यासाठी. अशी माणसं आहेत म्हणून कंपनी चालते.”

“साहेब, वहीत बघा तरी एकदा.”

“वहीत तू काहीही लिहिशील रे.”

पंधरवड्याने मी प्लॅनिंग सुपरिंटेंडंट झालो. हेड ऑफिसच्या पत्रात लिहिलं होतं की योजना उत्कृष्ट होती, अंमलबजावणी कमी पडली. केबिन मिळाली. पडदे हिरवे होते. भोईरने स्वतः होऊन मशीन शॉपला बदली मागून घेतली. सगळ्या कारखान्यात बोभाटा झाला की टिपणीस साहेबांनी सत्तारचा मेमो वाचवला. खरं काय ते तिघांनाच माहीत होतं, आणि त्यातले दोघं काही बोलले नाहीत. तिसऱ्याने बोलून पाहिलं होतं.

भोईरच्या घरून सोडे येतच राहिले. एकदा मी त्याला म्हणालो, “अरे भोईर, तुला माझा राग नाही आला?”

“आला ना, साहेब.”

“मग सोडे कशाला पाठवतोस?”

“ते वहिनींसाठी असतात,” तो म्हणाला.

पुढच्या वर्षी, अठ्ठ्याऐंशी साली, मी बॉयलर हाउसला गेलो. वही नेली नाही. “किती, सत्तारभाई?”

ते बॉयलरकडे बघत म्हणाले, “बारा.”

मी एका चिठोऱ्यावर बारा लिहिले. आठात काम झालं, चार दिवस बॉयलर उभा राहिला. पाटणकर साहेब म्हणाले, टिपणीस, तुझी पकड सैल झाली की काय? मी म्हणालो, साहेब, फोरमननं सांगितलं ते मांडलं. ते हसले. मी कधीकाळी हसलो होतो तसेच.

एकोणनव्वदला त्यांनी अकरा सांगितले. मी अकरा लिहिले. नव्वदला दहा. मी दहा लिहिले. जुना आकडा परत आला होता. वहीच्या हिशोबाने त्यातून दोन सहज निघाले असते. मी हात लावला नाही. शपथच घातली होती स्वतःला. मनातल्या मनात मात्र मोजत होतो : दर वर्षी एक उतरतोय. याच चालीने ब्याण्णवला आठ. मला दुसरं काही नको होतं. त्या माणसाने माझ्याकडे बघून एकदा, परत, आठ म्हणावं.

मधल्या काळात भोईरला मशीन शॉपमध्ये बसल्या जागी सगळ्या कारखान्याचे खरे आकडे कळत असत. चहाच्या वेळी लोक येऊन सांगून जात. त्याला त्या आकड्यांचा काही उपयोग नव्हता.

एक्याण्णवला सत्तारभाईंचं शेवटचं वर्ष होतं. मी हे विसरलो होतो. रिटायरमेंटच्या तारखा माझ्या तक्त्यात नसायच्या.

“किती, सत्तारभाई?”

त्यांनी चष्मा लावला. बॉयलरकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. चार वर्षांनी.

“नऊ,” ते म्हणाले. आणि थोडं थांबले.

मी नऊ लिहिले. ते अजून बघत होते. मग वळून कामाला लागले.

काम आठव्या दिवशी झालं. नवव्या दिवशी बॉयलर उभा होता.

निरोपाचा कार्यक्रम कँटीनमध्ये झाला. शाल, नारळ, एक भिंतीवरचं घड्याळ. पाटणकर साहेबांनी भाषणात माझ्या मोठ्या मनाचा उल्लेख केला. भोईर मागच्या बाकावर बसून सामोसा खात होता. सगळं आटोपल्यावर सत्तारभाई घड्याळाचा खोका काखेत घेऊन माझ्या तक्त्यापाशी उभे राहिले. मी शेजारी गेलो.

“एक दिवस राहिला, सत्तारभाई,” मी म्हणालो. “पुढच्या वर्षी आठ सांगितले असतेत. हो ना?”

त्यांनी लाल पट्टीवर बोट ठेवलं. एकेक चौकोन मोजला. नवव्यावर थांबले.

“या वर्षीच आठ होते, साहेब.”

“पण तुम्ही नऊ म्हणालात.”

“एकच घातला होता. उघड दिसेल असा.” त्यांनी खोका दुसऱ्या काखेत घेतला. “म्हटलं, तेवढा तुम्ही काढाल.”